संगणकाच्या जाळ्याचे कारागीर

मुलांनो, उर्दूतला ‘जाल’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीत त्यालाच ‘जाळे’ म्हणतात. कोळ्याचे जाळे नीट पाहा. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत जायला त्यात अनेक वाटा असतात. एक धागा तुटला, तरी दुसऱ्या वाटेने जाता येते. संगणकांचे जाळे, म्हणजे नेटवर्क, असेच बांधलेले असते.

३० जानेवारी २००८ रोजी या जाळ्याची कसोटी लागली. ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदराजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या दोन केबल तुटल्या. युरोपकडून येणाऱ्या या केबल मुंबईच्या किनाऱ्यालाही लागतात. त्या दिवशी भारतातील इंटरनेटचा वेग एकदम मंदावला. दोनच दिवसांनी आखातात आणखी एक केबल तुटली. दुरुस्तीसाठी गेलेल्या जहाजाला तेथे टाकून दिलेला, काही टन वजनाचा एक नांगर सापडला! समुद्रातील केबल जोडायला खास जहाज लागते आणि कित्येक दिवस जातात. तोपर्यंत स्वस्थ कसे बसणार? नेटवर्कच्या तज्ज्ञांनी बरेचसे संदेश पूर्वेकडच्या वाटेने, सिंगापूर आणि प्रशांत महासागराकडून वळवले. वाट लांबची होती, पण काम चालू राहिले.

असे काम करणारे तज्ज्ञ आरंभी कोठे शिकतात? समुद्रावर नव्हे. एखाद्या शाळेची संगणक खोली, बँकेची शाखा किंवा इस्पितळ, येथेच त्यांची सुरुवात होते.

आधी संदेश कसा जातो ते समजून घेऊ. समजा, तुम्हांला एक जाड पुस्तक मित्राला पाठवायचे आहे. तुम्ही त्याची पाने सुटी केली, प्रत्येक पान वेगळ्या पाकिटात घातले आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता व पानाचा क्रमांक लिहिला. पाकिटे वेगवेगळ्या रस्त्यांनी गेली, मागेपुढे पोहोचली, तरी मित्र क्रमांक पाहून पुस्तक पुन्हा जुळवील. एखादे पाकीट हरवले, तर तेवढेच परत मागवील. संगणक हेच करतात. या पाकिटाला ‘पॅकेट’ म्हणतात. तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता आणि मराठी डावीकडून; पण तारेतून जाताना दोन्ही लिप्यांचे केवळ ० आणि १ होतात.

पाकिटावर पत्ता हवाच. संगणकाचा पत्ता म्हणजे चार आकडे, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. यातील प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या मध्येच असतो. असे का? कारण प्रत्येक आकड्यासाठी ० किंवा १ लिहायच्या आठ जागा असतात आणि आठ वेळा दुप्पट केले की २५६ होतात. वहीवर करून पाहा. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी होते. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे गेली आहे, म्हणजे माणशी एक पत्ताही पुरत नाही! म्हणून आता १२८ जागांचे लांब पत्तेही वापरात आले आहेत. गणिताचा कंटाळा करणाऱ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा.

आता खरे काम पाहू. शाळेतील एका संगणकावर इंटरनेट चालत नाही. शिक्षक म्हणतात, “नेट गेलं.” या दोन शब्दांत दहा निरनिराळे बिघाड लपलेले असू शकतात. नवशिका लगेच संगणक बंद करून पुन्हा चालू करतो. जाणकार आधी विचारतो, “एकच बंद आहे की सगळे?” एकच बंद असेल, तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या तारेत शोधायचा. तार घातली आहे तेथील छोटा दिवा लागला आहे का, ते तो पाहतो. दिवा नसेल, तर बहुधा तार सुटली किंवा तुटली आहे. दिवा असेल, तर ‘पिंग’ ही आज्ञा वापरायची. दारात उभे राहून “कोणी आहे का घरात?” अशी हाक मारावी, तशी ही आज्ञा आहे. प्रथम स्वतःच्या संगणकाला हाक द्यायची, मग खोलीतील राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. उत्तर जेथे येईनासे होते, तेथे सामान्यतः दोष सापडतो. आणि आकड्यांच्या पत्त्यावरून उत्तर येते, पण नाव लिहिले तर पान उघडत नाही, असे झाले तर? मग नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा अडली आहे. तिला डीएनएस म्हणतात. माझ्या मते असे पायरीपायरीने शोधणे हाच या व्यवसायाचा प्राण आहे. ते ज्याला जमते, त्याला काम मिळायला फार अडचण येत नाही.

काही बिघाड मात्र मजेशीर असतात. सर्व तारा ठीक, सर्व दिवे लुकलुकतात आणि तरीही सगळेच ठप्प! दोन स्विचमध्ये कोणीतरी चुकून दोन तारा जोडलेल्या असतात आणि एकच संदेश गोल गोल फिरत राहतो. यावर १९८५ साली रॅडिया पर्लमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी उपाय शोधला. स्विच आपापसांत ठरवतात आणि जादा वाट मिटून ठेवतात. गरज पडली तरच ती उघडतात. हे काम मुलींचे नाही, असे कोणी म्हणाले, तर त्याला हे नाव सांगा.

या व्यवसायात शिरायचे कसे? दहावीनंतर आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनात संगणकाची तीन वर्षांची पदविका करता येते. सीसीएनए नावाची एक परीक्षा जगभर मानली जाते. तिला पदवीची अट नाही. पण फी बरीच आहे, म्हणून पुरेसा सराव होईपर्यंत तिची घाई करू नका. सराव करायला महागडी यंत्रे लागत नाहीत. ‘पॅकेट ट्रेसर’ हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यात पडद्यावरच राउटर मांडता येतात, तारा जोडता येतात आणि मुद्दाम बिघाडही करता येतात. दुसऱ्याच्या जाळ्यात मात्र परवानगीशिवाय हात घालू नका. तो गुन्हा आहे.

“आम्ही उर्दू माध्यमाचे, इंग्रजीचे काय?” असे तुम्ही विचाराल. यंत्राच्या आज्ञा आणि सूचना इंग्रजीत असतात, हे खरे आहे. परंतु रोज लागणारे शब्द मोजकेच असतात. रोज पाच शब्द अर्थासह वहीत लिहा. अडचण सांगणारा माणूस मात्र आपल्याच भाषेत बोलतो. तालुक्याच्या कचेरीत ती मराठीत ऐकावी लागेल, मोहल्ल्यातील दुकानात उर्दूत. दोन्ही भाषा कळणाऱ्याला तेथे दुभाषा लागत नाही.

पहिल्या नोकरीत खुर्ची मिळेलच असे नाही. शिडीवर चढून छतातून तारा ओढाव्या लागतील. तांब्याची तार साधारणपणे १०० मीटरपर्यंतच चालते, हे ध्यानात ठेवावे लागेल. तारेच्या टोकाला आठ बारीक तारा ठरलेल्या क्रमाने बसवाव्या लागतील: नारिंगी पट्ट्याची पांढरी, नारिंगी, हिरव्या पट्ट्याची पांढरी, निळी, निळ्या पट्ट्याची पांढरी, हिरवी, तपकिरी पट्ट्याची पांढरी आणि तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम सारखाच हवा. मग प्रत्येक टोकाला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची आणि तो क्रमांक नोंदवहीत लिहायचा. चिठ्ठी चिकटवायला अर्धे मिनिट लागते. ती नसली, तर रात्री दोन वाजता इस्पितळातील संगणक बंद पडल्यावर सारख्या दिसणाऱ्या दोनशे तारांतून एक तार शोधावी लागते.