नवा डांबरी रस्ता : पहिल्या दिवसापासून घ्यायची काळजी
(परिसर अभ्यास, इयत्ता ४ थी व ५ वी, गणिताशी सहसंबंध)



शाळेपर्यंत नवा डांबरी रस्ता झाला की गावात आनंद होतो. पोरं सायकली काढतात, रिक्षा थेट फाटकापर्यंत येते, पावसाळ्यात पायाला चिखल लागत नाही. आणि दोन पावसाळे गेले की तोच रस्ता कडेनं तुटायला लागतो, मध्ये खड्डे पडतात. मग आपण सगळे एकच वाक्य म्हणतो, "काम निकृष्ट होतं." कधी ते खरं असतंही. पण चांगला झालेला रस्तासुद्धा आपल्याच सवयींनी लवकर खराब होतो, आणि त्या सवयी आपल्या हातात आहेत. एकदा झालेला रस्ता पुन्हा कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही. तोवर आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं ते याच रस्त्यानं, आणि पहिलीतलं लेकरू शाळेत चालत येणार तेही याच रस्त्यानं. म्हणून हा पाठ.

सगळा पाठ एका वाक्यात सांगायचा तर, डांबरी रस्त्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे थांबलेलं पाणी. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतात.

१. रस्ता आतून कसा असतो?

वरून काळा दिसतो म्हणून मुलांना वाटतं, सगळा रस्ता डांबराचाच आहे. तसं नसतं. खाली माती, तिच्यावर मुरूम, त्यावर दाबून बसवलेली खडी आणि सर्वांत वर डांबरात घोळलेल्या बारीक खडीचा थर, ज्याला बोलीत 'कारपेट' म्हणतात. गावाकडच्या अनेक रस्त्यांवर हा वरचा थर २० मिलीमीटरचा असतो. मुलांना पट्टीवर २ सेंटीमीटर दाखवा. "एवढ्याच जाडीवर ट्रक जातो?" असा प्रश्न येणारच. उत्तर असं की ट्रकचा भार खालची खडी आणि मुरूम पेलतात. वरचा थर छपरासारखा असतो, त्याचं मुख्य काम खालच्या थरांत पाणी जाऊ न देणं. छप्पर फुटलं की घर भिजतं, तसंच इथे.

डांबराची माहितीही द्या. आज रस्त्याला वापरतात ते डांबर खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणाऱ्या जड भागापासून मिळतं. पूर्वी दगडी कोळशापासूनही डांबर काढत. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांचं नाव त्यावरूनच आलं.

समजावून सांगायला चिक्कीचं उदाहरण फार उपयोगी पडतं. शेंगदाणे म्हणजे खडी, गुळाचा पाक म्हणजे डांबर, लाटणं म्हणजे रोलर. पाक गरम आहे तोवरच लाटावं लागतं, गार झाला की चिक्की जमत नाही. रस्त्याचंही तेच. गरम मिश्रण साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून आणतात आणि ते निवायच्या आत रोलर फिरवून दाबतात. मात्र एक फरक आवर्जून सांगा. गूळ पाण्यात विरघळतो, डांबर विरघळत नाही. पाणी काय करतं, तर खडी आणि डांबर यांच्या मधे शिरतं आणि त्यांची पकड सोडवतं. म्हणून खड्ड्याच्या कडेला सुटी, उघडी खडी दिसते.

२. पहिले काही दिवस

रस्ता वरून गार लागला, तरी आतून मऊ असू शकतो. काम करणारे लोक वाहतूक सुरू करायला सांगतील तोवर दगड किंवा काटे लावून बंद केलेला भाग उघडू नये. "एकच गाडी जाऊ दे" म्हणून काढलेल्या गाडीच्या चाकाचे चर कायमचे राहतात, आणि पुढे त्याच चरांत पाणी साचतं.

सुरू झाल्यावरही पहिले आठ-दहा दिवस सांभाळायचे. गाडी सावकाश चालवायची. वर टाकलेली बारीक खडी काही दिवस सुटी असते. वेगानं गेलेलं चाक ती उडवतं आणि दुचाकीही घसरते. एकाच जागी उभं राहून स्टिअरिंग गरागरा फिरवायचं नाही, त्यानं वरचा थर पिळवटून निघतो. भरलेली ट्रॉली नव्या रस्त्यावर रात्रभर उभी करायची नाही.

उन्हाळ्यात हे जास्त दिवस पाळावं लागतं. आपल्याकडे नेहमी वापरलं जाणारं डांबर ५० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्याच्या दुपारी काळा रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त, ६० अंशांपर्यंतही तापतो. चप्पल चिकटते ती म्हणूनच.

सुरक्षेची सूचना वर्गात स्पष्ट द्या. काम चालू असताना मुलांनी जवळ जायचं नाही. गरम डांबर अंगावर पडलं तर लगेच भरपूर गार पाणी ओतायचं, चिकटलेलं डांबर ओढून काढायचं नाही आणि थेट दवाखाना गाठायचा.

३. पाणी वाहतं ठेवा

नीट बघितलं तर चांगला रस्ता मध्ये किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. हा उतार १०० सेंटीमीटरला साधारण अडीच सेंटीमीटर धरतात. रस्ता ३.७५ मीटर रुंद असेल, तर मधून कडेपर्यंतचं अंतर १८७.५ सेंटीमीटर. म्हणजे मधला भाग कडेपेक्षा जवळजवळ ४.७ सेंटीमीटर उंच. पाचवीच्या मुलांना हे गणित जमतं.

आता पाण्याचं गणित. शाळेसमोरचा १०० मीटर रस्ता घ्या. क्षेत्रफळ ३७५ चौरस मीटर. त्यावर १० मिलीमीटर पाऊस पडला, तर ३,७५० लिटर पाणी झालं. एवढं पाणी कडेला जाऊन चरातून वाहून गेलं पाहिजे. ते कुठे अडतं याची यादी मुलांकडून करून घ्या. साधारण ही ठिकाणं निघतात :

• कडेची साईडपट्टी माती आणि गवतानं रस्त्यापेक्षा उंच झालेली असते. पाणी बाहेर जायला वाटच नसते.

• शेतात किंवा अंगणात गाडी नेण्यासाठी कडेच्या चरात मुरूम टाकून तो बुजवलेला असतो. हे फार ठिकाणी दिसतं. वाट हवी हे बरोबर आहे, पण खाली पुरेशा रुंदीचा पाइप टाकूनच ती करायची. नाहीतर आपल्या एका वाटेसाठी वरच्या दहा घरांसमोर तळं होतं.

• मोरीचं, गोठ्याचं सांडपाणी रस्त्यावर सोडलेलं असतं. पावसाचं पाणी चार महिने, सांडपाणी मात्र बारा महिने. परसात शोषखड्डा केला की हा प्रश्न मिटतो.

• रस्त्याखालची मोरी कचऱ्यानं, प्लास्टिकनं तुंबलेली असते.

काळ्या मातीच्या गावांत हे आणखी महत्त्वाचं. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कडेला पाणी मुरत राहिलं की रस्त्याखालची माती वरखाली होते, कडा खचतात आणि लांबच्या लांब भेगा पडतात. उपाय एकच, मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, चर आणि साईडपट्ट्या साफ करायच्या.

४. डिझेल, आग आणि खोदकाम

चपलेला डांबर लागलं की आई काय लावते? रॉकेल किंवा खोबरेल तेल. डांबर मुळात तेलातूनच आलेलं, म्हणून ते तेलात सुटतं. मुलांना हे घरून माहीत असतं. त्याच कारणानं रस्त्यावर सांडलेलं डिझेल किंवा ऑइल तिथलं डांबर मऊ करतं. इंजिनातून तेल गळत असेल तर गाडी नव्या रस्त्यावर उभी करू नये. सांडलंच तर लगेच माती किंवा भुसा टाकून शोषून घ्यावं आणि तो उचलून टाकावा.

आगीचंही तसंच. होळी, शेकोटी, कचरा जाळणं हे डांबरावर नको. वरचा थर जळून ठिसूळ होतो आणि पहिल्या पावसात तिथून खडी निघते. होळी सणासारखीच करा, फक्त मोकळ्या जागेत, मातीवर.

मांडवासाठी खांब रोवायला पहारीनं भोकं पाडतात. मांडव दहा दिवसांनी निघतो, भोकं राहतात. वाळूनं भरलेल्या डब्यांत किंवा पिंपांत खांब उभे करता येतात. चिखलणीची लोखंडी चाकं लावलेला ट्रॅक्टर रस्त्यावरून नेणं म्हणजे तर नांगर फिरवण्यासारखंच आहे.

आणि नळाची पाइपलाइन. रस्ता होतो आणि महिन्याभरात तो आडवा खोदला जातो, हा अनुभव बहुतेक गावांना आहे. खोदलेला भाग मातीनं बुजवला की तो दबतो आणि तिथे कायमचा गचका बसतो. रस्ता होण्याआधीच नळ, वीज, केबल यांची चौकशी करून गरज असेल तिथे आडवे रिकामे पाइप टाकून ठेवले, तर पुढे रस्ता फोडावा लागत नाही. खर्च थोडा, पण वेळ साधावी लागते.

५. ओझ्याचं गणित

भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होईल, असं मुलं सांगतील. तसं होत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वजनदार ट्रक सतत चालवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून हा अंदाज निघाला की आसावरचा भार जितका पट वाढतो, नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताइतकं वाढतं. म्हणजे भार दुप्पट, तर नुकसान २ × २ × २ × २ = १६ पट. गुणाकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? खडीचा, वाळूचा किंवा उसाचा जास्त भरलेला एक ट्रक का महाग पडतो, ते मुलांना लगेच कळतं. मुलं घरी जाऊन विचारतातही, "बाबा, आपल्या ट्रॉलीत किती भरतात?"

६. घरासमोर किंवा सोसायटीत डांबर केलं असेल तर

शहरातल्या पालकांसाठी थोडक्यात. नव्या डांबरावर दोन-तीन दिवस गाडी आणू नका, उन्हाळा असेल तर आणखी थांबा. पुढचे काही महिने गाडी रोज त्याच जागी उभी न करता थोडी मागेपुढे करा. दुचाकीच्या स्टँडखाली, जॅकखाली, शिडीच्या पायांखाली लाकडी फळी ठेवा. छपराच्या पन्हाळीचं पाणी डांबरावर एकाच जागी पडू देऊ नका. वरून संरक्षक काळा लेप द्यायची घाई करू नका, सहा महिने ते वर्षभर जाऊ द्या. काळा रंग करडा होतो, तो ऊन-वाऱ्यानं. बारीक भेग दिसली तर मात्र ती पावसाआधी भरून घ्या.

७. वर्गात काय घ्याल?

*कृती १ :* काचेच्या बरणीत माती, मुरूम, मोठी खडी, बारीक खडी असे थर लावा. वर प्लास्टिकचा कागद बसवून पाणी ओता. मग कागदाला एक भोक पाडून पुन्हा ओता. पाणी कुठपर्यंत गेलं, हे मुलांनी चित्रात दाखवायचं.

*कृती २ :* पावसाळ्यात, पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं शाळेच्या फाटकातून किंवा कडेला सुरक्षित उभं राहून बघायचं की पाणी कुठे साचलंय. त्या जागा नकाशात निळ्या रंगानं दाखवायच्या. मोठ्या माणसाशिवाय मुलांनी रस्त्यावर जायचं नाही. पुढच्या वर्षी हाच नकाशा काढून शेजारी ठेवा. जिथे निळा ठिपका होता तिथेच खड्डा पडलाय का, हे मुलं स्वतः शोधतील.

*कृती ३ :* रस्त्याच्या कामाचा फलक वाचायचा. योजना कोणती, लांबी किती, काम कधी झालं, देखभालीची मुदत किती? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्यातल्या रस्त्याची काम झाल्यापासून ५ वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. म्हणजे तोवर पडलेले खड्डे बुजवून मागणं हा गावाचा हक्क आहे. आपण काळजी घ्यायची, याचा अर्थ त्यांनी जबाबदारी सोडायची असा होत नाही. ही गोष्ट मुलांना दोन्ही बाजूंनी सांगा.

पालकहो, मुलांनी काढलेला नकाशा ग्रामसभेत नेता येतो. १ मेची ग्रामसभा यासाठी चांगली, पावसाळ्याआधी महिनाभर हातात असतो. "रस्ता खराब आहे" असं मोघम न म्हणता, "मारुतीच्या देवळासमोर चर बुजलाय, तिथे पाइप टाका" असं नेमकं सांगितलं की काम होण्याची शक्यता वाढते.

स्वाध्याय

१. डांबराचा वरचा थर कोणतं काम करतो?
२. रस्ता मध्ये उंच का ठेवतात?
३. चिक्की आणि डांबरी रस्ता यांत दोन सारखेपणा आणि एक फरक लिहा.
४. आसावरचा भार तिप्पट झाला, तर नुकसान साधारण किती पट होईल? (३ × ३ × ३ × ३)
५. तुमच्या घराचं सांडपाणी कुठे जातं? चित्र काढा आणि घरच्यांशी बोला.

पाचवा प्रश्न वहीत तपासून सोडून देऊ नका. ज्या घराचं पाणी रस्त्यावर येतं, तिथल्या मुलाला वर्गात ओशाळं वाटणार नाही अशा रीतीनं बोला आणि शोषखड्डा कसा करतात ते पालकसभेत दाखवा. एक खड्डा झाला की शेजारी बघतात, विचारतात आणि दुसराही होतो.