एक गुरुजी, दोन वर्ग : प्रोसेसरचे धागे आणि खेळाचा वेग

सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील पाड्यांवर ज्या शिक्षकबंधुभगिनींनी जोडवर्ग सांभाळले आहेत, त्यांना पुढील विषय जड वाटू नये. एका शाळाभेटीत इयत्ता सातवीतील मुलाने मला विचारले, "गुरुजी, हायपर-थ्रेडिंग बंद केले की संगणकावरचा खेळ जलद चालतो, हे खरे का? नाही तर भाऊ कापसाच्या पैशांतून नवा प्रोसेसर घेणार आहे." शेजारचा मुलगा म्हणाला, "माझ्या मामाने बंद केले, तर खेळ अडखळू लागला." दोन्ही म्हणणी खरी असू शकतात, म्हणूनच हा प्रश्न पाठास योग्य आहे.

प्रोसेसरमधील प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागास कोअर म्हणतात. त्यास शिक्षक समजावे. सलग चाललेले एकेक काम, म्हणजे थ्रेड अथवा धागा, हा वर्ग समजावा. तिसरीची मुले उदाहरण सोडवीत असता शिक्षक चौथीकडे वळतो. त्याचप्रमाणे, हवी ती माहिती मेमरीतून येईपर्यंत कोअरला शेकडो ठोके थांबावे लागते. त्या रिकाम्या वेळात त्याने दुसऱ्या धाग्याचे काम करावे, अशी ही योजना आहे. इंटेलने ती २००२ साली झिऑन व पेंटियम ४ या प्रोसेसरांत आणली. एएमडीच्या रायझेनमध्ये ती २०१७ साली एसएमटी या नावाने आली. संगणक चार कोअरच्या जागी आठ दाखवतो खरा. परंतु फळा एकच आणि गुरुजीही एकच. काही कामांत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लाभ होतो, असे खुद्द इंटेलनेच आरंभी सांगितले होते. दोन वर्ग सांभाळल्याने एका शिक्षकाचे दोन शिक्षक होत नाहीत, हे आपणांस कोणी निराळे सांगावयास नको.

आता खेळाकडे वळू. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रास जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातील बरेचसे काम एका मुख्य धाग्यावर क्रमाने चालते : खेळाडूने कळ दाबली, चेंडू उडाला, मग तो कोठे आदळला. रावेरला केळी भरताना हमाल कितीही लावले, तरी वाघिणीचे दार एकच उघडे असेल तर खोळंबा दाराशीच होणार. क्रमाने करावयाचा भाग एकूण वेगास मर्यादा घालतो, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडले होते.

यास्तव आठ कोअर असलेल्या संगणकात सेटिंग बंद केल्याने फारसे बिघडत नाही. मुख्य धाग्यास पूर्ण शिक्षक मिळाल्याने कधी चार-दोन चित्रे वाढतातही. दोन किंवा चार कोअर असतील, तर मात्र अनेक धागे मागणारे नवे खेळ अडखळतात. मामांचे बहुधा असेच झाले असावे. आणि चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्डच दुबळे असेल, तर सेटिंग बदलून लाभ नाही आणि नव्या प्रोसेसरवर घातलेले कापसाचे पैसेही वाया जातील.

मुलांकडून प्रयोग करून घ्यावा. संगणक सुरू होताना बहुधा डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबली की बायोस उघडते. तेथे हे एकच सेटिंग बदलावे, अन्य काही नाही. एकाच खेळातील एकच प्रसंग सेटिंग चालू ठेवून तीनदा व बंद ठेवून तीनदा चालवावा. दर वेळी सरासरी चित्रे व नीचांक दोन्ही लिहावेत, कारण अडखळणे सरासरीत लपते. एकाच सेटिंगच्या तीन नोंदींतही थोडा फरक पडेल. दोन सेटिंगांतील फरक त्याहून मोठा नसेल, तर 'फरक आढळला नाही' असेच वहीत लिहू द्यावे; मुलांना ते आवडत नाही.

हिवाळ्यात प्रयोग केला असल्यास मे महिन्यात पुन्हा करावा. भुसावळ-जळगावकडे तेव्हा पारा ४५ अंशांजवळ जातो, आणि प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की आपला वेग आपणच उतरवतो. दोन्ही धागे राबत असता उष्णता आणखी थोडी वाढते. अशा वेळी सेटिंगला हात लावण्यापूर्वी संगणक बंद करून त्याच्या पंख्यात अडकलेली धूळ व कापसाचे तंतू मऊ कुंचल्याने काढावेत.