हद्दीच्या खुणा आणि भुंकणे

कुत्रा विजेच्या खांबापाशी तंगडी वर करतो तेव्हा तो केवळ मूत्राशय रिकामे करीत नसतो. तसे असते तर खांबाखांबावर चार थेंब टाकून तो पुढे गेला नसता. मागून येणाऱ्या कुत्र्याला त्या वासावरून आधीचा नर की मादी, मादी माजावर आहे की नाही, याचा बोध होतो. खूण उंचावर असेल तर ती करणारा मोठा भासत असावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान चणीचे नर तंगडी अधिक उंच कोनात उचलतात असे आढळले. ही बढाईच म्हणावयाची!

घरात अशा खुणा होऊ लागल्यास मारणे व्यर्थ होय, कारण भीतीनेही त्या वाढतात. जागा अमोनियायुक्त द्रवाने पुसू नये; तो वास मूत्रासारखाच असतो. नसबंदीने पुष्कळ नरांची सवय कमी होते, सर्वांची नव्हे. सवय अकस्मात जडली असल्यास प्रथम पशुवैद्यास दाखवावे.

भुंकण्याचे मूळ निराळे. टपालवाला येतो, कुत्रा भुंकतो, टपालवाला निघून जातो. आपणच त्याला हाकलले अशी जणू कुत्र्याची खात्री पटते व दुसऱ्या दिवशी तो अधिक जोमाने भुंकतो. मालकाने ओरडणे म्हणजे त्यात भर घालणेच. त्यापेक्षा खिडकीचा खालचा भाग झाकावा आणि कुत्रा क्षणभर थांबताच त्याला खाऊ द्यावा. उशीर झाल्यास बक्षीस कशाचे हे त्याला उमगत नाही. मात्र दिवसभर एकटा कोंडलेला कुत्रा भुंकतो तो हद्दीसाठी नव्हे. त्याला सोबत व फिरणे हवे असते.