पायवाटेची निगा

गतवर्षीं जानेवारी महिन्यांत आपल्या शाळेमागील टेकडीवर विद्यार्थ्यांनीं श्रमदानानें जी पायवाट तयार केली, तिचें वृत्त मागील अंकांत आलेंच होतें. सुमारे एक किलोमीटर लांबीची ती वाट तीन शनिवारांत पुरी झाली. दोन्ही कडांस चुन्यानें रंगविलेले दगड मांडले होते. उद्घाटनाच्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं वाट तयार करण्याविषयींचें यशया संदेष्ट्याचें वचन वाचण्यांत आलें, पेढे वांटले गेले, आणि गांवांतील वृद्ध मंडळीहि त्या सायंकाळीं माथ्यापर्यंत फिरून आली. सप्टेंबरांत तीच वाट पाहावयास गेलों, तेव्हां ती आम्हांस ओळखूं येईना. मधोमध गुडघाभर खोल घळ पडली होती, पांढरे दगड खालीं ओढ्यांत जाऊन बसले होते, आणि लोक घळीच्या बाजूनें गवत तुडवीत दुसरीच वाट पाडूं लागले होते.

आमच्याबरोबर एका विद्यार्थ्याचे वडील होते. त्यांचा सारा जन्म उतरणीच्या शेतांत गेलेला. बराच वेळ कांहीं न बोलतां त्यांनीं घळीकडे पाहिलें आणि म्हटलें, "मास्तर, रागावूं नका, पण तुम्हीं वाट नव्हे, पाट काढलात."

हे शब्द आम्हांस लागले खरे, पण त्यांत आमच्या चुकीचें संपूर्ण निदान होतें. तें विद्यार्थ्यांस व वडील मंडळींस समजावून द्यावें, कारण वाट पुन्हां करावयाची आहे, आणि ती पुन्हां वाहून जाऊं नये अशी सर्वांचीच इच्छा असणार.

पायवाट झिजते ती मुख्यतः पावलांनीं, असा आमचा समज होता. पावलें गवत मारतात व माती मोकळी करतात हें खरें. परंतु ती माती उचलून नेतें तें पाणी. पाण्याचा वेग थोडा वाढला, तर माती वाहून नेण्याची त्याची शक्ति कितीतरी पटींनीं वाढते. आम्हीं वाट शाळेच्या फाटकापासून माथ्यापर्यंत जवळजवळ सरळ रेषेंत नेली होती, कारण सरळ वाट जवळची व दिसावयास सुंदर. पण उतारावरून पाणीहि नेमकें त्याच रेषेनें धांवतें. वाटा आंखणाऱ्या जाणत्या लोकांचा एक ढोबळ नियम असा आहे कीं, वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असूं नये, आणि सर्वसाधारणपणें शंभर पावलांस दहा पावलांपेक्षां अधिक उंची चढूं नये. अशी वाट डोंगराच्या अंगावरून तिरकी जाते. पाणी तिच्यावर येतें, पण तिच्यावरून धांवत नाहीं, तिला ओलांडून खालच्या गवतांत उतरतें. तें उतरावें म्हणून वाटेचा तळ दरीच्या बाजूस किंचित् कलता ठेवावा लागतो, शंभरास पांच इतका. चालणाराच्या पायांस तो कल जाणवतहि नाहीं.

आतां त्या पांढऱ्या दगडांविषयीं. आमच्या सर्व कामांत पाहुण्यांनीं अधिक वाखाणणी केली ती त्यांचीच, आणि सर्वांत मोठी चूक तीच होती. खालच्या कडेस दगडांची ओळ मांडून आम्हीं पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद केली. दोन्हीकडे कांठ आणि मध्यें उतार. आणखी पाट म्हणजे काय असतो?

जेथें चढ टाळतांच येत नाहीं, तेथें वाटेंत तिरके आडबांध घालतात. दगड किंवा लांकडाचा ओंडका वाटेशीं सुमारे अर्ध्या काटकोनांत पुरावा, त्याचें खालचें टोंक वाटेच्या बाहेरपर्यंत काढावें, म्हणजे पाणी त्याला अडून बाजूस वळतें. शेतास ताल घालणारांस हें नवें नाहीं. मात्र या बांधांचा एक स्वभाव लक्षांत ठेवला पाहिजे. त्यांच्या मागील खळग्यांत प्रत्येक सरीबरोबर गाळ व पालापाचोळा साचतो. तो उपसला नाहीं, तर खळगा भरतो, पाणी बांधावरून उडी घेतें, आणि बांध असून नसल्यासारखा होतो. म्हणजे वाट कितीहि शहाणपणानें केली, तरी फावडें घेऊन तिच्याकडे परत परत जाणारा माणूस लागतोच. उद्घाटनापासून सप्टेंबरपर्यंत आमच्या वाटेवर फावडें घेऊन कोणीहि गेलें नव्हतें. तें कोणाचें काम, हें आम्हीं ठरविलेंच नव्हतें.

ही दुसरी चूक आम्हांस नीट उमगली ती अमेरिकेंतील ॲपलेशियन पायवाटेचा इतिहास वाचतांना. ही वाट आज दक्षिणेस जॉर्जियांतील स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेस मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत चौदा संस्थानांतून सुमारे २,१९० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर, जाते. १९२१ सालीं बेन्टन मॅकाय नांवाच्या वनशास्त्रज्ञानें एका मासिकांत लेख लिहून तिची कल्पना मांडली, आणि १९२५ सालीं तिच्यासाठीं मंडळ स्थापन झालें. कल्पना भव्य होती, पण कल्पनेवरून चालतां येत नाहीं. मायरन एव्हरी नांवाच्या वकिलानें गांवोगांवच्या पदयात्रा-मंडळांस हातीं धरून तुकड्यामागून तुकडा जोडून घेतला. मोजमापाचें चाक ढकलीत तो स्वतः डोंगर हिंडे, आणि १९३६ पर्यंत त्यानें थोड्या थोड्या टप्प्यांनीं सारी वाट पायांखालीं घातली. पुढें या दोघांचें पटलें नाहीं. मॅकायची योग्यता मोठी, पण आमचें मन त्या चाकाकडे अधिक ओढ घेतें हें कबूल केलें पाहिजे.

१९३७ सालीं वाट पुरी झाली. दुसऱ्याच वर्षीं, १९३८ च्या सप्टेंबरांत, मोठें वादळ होऊन ईशान्येकडील भागांत असंख्य झाडें वाटेवर आडवीं झालीं. दक्षिणेकडे डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ते निघाले, त्यांनीं कांहीं तुकडे गिळले. मग महायुद्ध आलें. कुऱ्हाड धरणारे हात रणांगणावर गेले, आणि झुडपें वाढत राहिलीं. १९४८ सालीं अर्ल शॅफर नांवाचा युद्धावरून परतलेला तरुण एका दमांत सारी वाट चालून गेला, तेव्हां ती ठिकठिकाणीं रानांत हरवलेली होती. ती पुन्हां सलग झाली १९५१ सालीं. चौदा वर्षांपूर्वीं पुरी झालेली वस्तु पुन्हां पुरी करावी लागली!

१९६८ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून या वाटेस राष्ट्रीय दर्जा दिला, पण कायदा झुडपें तोडीत नाहीं. तें काम आजहि सुमारे तीस स्थानिक मंडळांचे हजारों स्वयंसेवक करतात. वाट त्यांनीं आपसांत वांटून घेतली आहे. प्रत्येक तुकड्यास आपला एक राखणदार असतो. वर्षांतून ठराविक वेळां जाऊन त्यानें बांधांचा गाळ काढावयाचा, चार फूट रुंद व आठ फूट उंच इतकी मोकळीक राखावयाची, आणि झाडांवरील दोन इंच रुंद व सहा इंच उंच पांढऱ्या खुणा पुसट झाल्यास पुन्हां रंगवावयाच्या. २०२४ च्या सप्टेंबरांत हेलीन वादळानें दक्षिणेकडील शेंकडों मैलांचा भाग अडविला, तेव्हां करवती घेऊन पुढें आलेल्यांत हे राखणदार होतेच. त्यांस कोणती झाडें कोठें आहेत हें आधींपासून ठाऊक होतें.

आपली वाट एक किलोमीटरची, आणि आपल्याकडे चार महिन्यांत जितकें पाणी कोसळतें तितकें त्यांच्याकडे बाराहि महिन्यांत विभागलेलें असतें. माथेरानच्या तांबड्या मातीच्या वाटा ज्यांनीं श्रावणांत पाहिल्या आहेत, त्यांस अधिक सांगणें नको. म्हणून सर्वच तिकडचें जसेंच्या तसें येथें लागू होणार नाहीं. तुकडे वांटून घेण्याची रीत मात्र आम्हीं उचलली आहे.

वनखात्याची परवानगी घेऊन वाट नवीन आंखली आहे. ती दोन वळणांनीं वर जाईल व जुनीपेक्षां बरीच लांब होईल. जुन्या घळींत दगडांचे लहान लहान बांध घालून वर कांटेरी फांद्या टाकल्या आहेत. त्या कोणीं सरपणासाठीं नेऊं नयेत. वळण टाळून मधून उतरण्याचा मोह सर्वांस होतो, आणि एकानें पाडलेली आडवाट पुढील पावसांत ओहळ होते. गेल्या वर्षीं असे मधून उतरणारांत आम्ही स्वतःहि होतों, हें विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच आहे.

पैशांविषयीं एकच सांगावयाचें. माथ्यावरील बांकांसाठीं वर्गणी तीन दिवसांत जमली, कारण बांकावर नांव कोरतां येतें. टिकाव, फावडीं, घमेलीं व त्यांचे दांडे यांसाठीं ठेवलेल्या डब्यांत अद्याप फारसें कांहीं पडलेलें नाहीं. ज्या दोन कुटुंबांनीं बांकांसाठीं पैसे दिले होते, त्यांनीं ते हत्यारांकडे वळविण्यास संमति दिली आहे, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों.

वाटेचे दहा तुकडे पाडले आहेत. प्रत्येक तुकडा एका वर्गाकडे आणि त्या वर्गांतील दोन पालकांकडे राहील. वर्ग पुढें सरकतील, पालक तेच राहतील. मे महिन्याच्या अखेरीस एकदां, पहिल्या मोठ्या पावसानंतर चार दिवसांच्या आंत एकदां, मग पंधरा दिवसांनीं एकदां अशी फेरी व्हावी. भर पावसांत छत्री घेऊन पाणी कोठून वाहतें हें पाहून येणें हें सर्वांत उपयोगी काम आहे, कारण उन्हांत तें कोणासहि दिसत नाहीं. पाट म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनीं तिसरा तुकडा मागून घेतला आहे. एकंदर सात तुकडे दिले गेले. आठवा व नववा यांविषयीं बोलणें चाललें आहे. माथ्याखालचा दहावा तुकडा, जेथें चढ अधिक व मुरूम अगदीं सुटा आहे, तो अद्याप कोणीं घेतलेला नाहीं.