जुनी एक्सयूव्ही ५०० : आराम लगेच कळतो, भरवसा तपासावा लागतो

व्यापारी माणसाला एकाच गाडीकडून दोन कामे हवी असतात. आठवडाभर तिने बाजारपेठेच्या फेऱ्या कराव्यात आणि सुटीच्या दिवशी घरातल्या मंडळींना लग्नकार्याला न्यावे. नवी सात आसनी गाडी अनेकांच्या आवाक्याबाहेर असते. व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणारे आपले बंधू मग साठवलेल्या रोख रकमेत बसेल अशी वापरलेली गाडी शोधतात. अशा वेळी महिंद्रच्या एक्सयूव्ही ५०० चे नाव हमखास पुढे येते. कित्येक वर्षांची बचत एका व्यवहारात जाणार असल्याने या गाडीविषयी मालकांचा अनुभव काय सांगतो, ते आज पाहू.

या कंपनीची स्थापना १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने झाली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. एक्सयूव्ही ५०० सप्टेंबर २०११ मध्ये बाजारात आली. ती पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होत असे. २०१५ व २०१८ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या आणि २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आल्यावर तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज मिळणारी प्रत्येक एक्सयूव्ही ५०० ही वापरलेलीच गाडी आहे.

आरामाबाबत बहुतेक मालक समाधानी असतात आणि त्याचे कारण बांधणीत आहे. बोलेरो किंवा स्कॉर्पिओची बॉडी वेगळ्या लोखंडी चासीवर बसवलेली असते. एक्सयूव्ही ५०० ची बॉडी आणि चासी एकच आहे आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्यामुळे हायवेवर ती कमी हेलकावे खाते. २.२ लिटरचे डिझेल इंजिन सुरुवातीला १४० अश्वशक्तीचे होते, २०१८ नंतर १५५ चे झाले. कसारा किंवा खंबाटकी घाट भरलेल्या गाडीने चढताना ही ताकद उपयोगी पडते.

मात्र सात जण बसले की सामानाला जवळजवळ जागा उरत नाही. तिसऱ्या रांगेत मुले बसतात, मोठ्या माणसाचे गुडघे आखडतात. मिरजेच्या सतार बनवणाऱ्या कारागिराला वाद्ये न्यायची असतील किंवा मालेगावच्या व्यापाऱ्याला कापडाचे नमुने, तर तिसरी रांग पाडूनच ठेवावी लागते. तेव्हा रोजच्या वापरासाठी ही पाच आसनी गाडी समजूनच हिशेब करावा.

भरवशाची गोष्ट वेगळी आहे. तो एका चकरेत कळत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या गाड्यांबद्दल मालकांच्या तक्रारी अधिक आढळतात : डॅशबोर्डवर विनाकारण पेटणारे दिवे, सस्पेन्शनचा खडखडाट, लवकर झिजणारे ब्रेक पॅड, क्लचचा खर्च. नंतरच्या गाड्यांबद्दल समाधान जास्त दिसते. तरीही वर्षापेक्षा देखभाल महत्त्वाची. वेळेवर ऑइल बदललेली २०१३ ची गाडी हयगयीने चालवलेल्या २०१७ च्या गाडीपेक्षा बरी निघू शकते.

म्हणून खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. बॉनेट आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. दाट काळा धूर असेल तर इंजेक्टर किंवा टर्बो तपासून घ्यावा.

२) मीटरच्या आकड्यावर विसंबू नये. सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागाव्यात आणि पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज त्या आकड्याशी जुळते का ते पाहावे.

३) दारांमधील फटी सारख्या आहेत का, डिकीच्या तळाला वेल्डिंगच्या खुणा आहेत का, हे ओळखीच्या मिस्त्रीकडून तपासावे. बॉडीच चासी असल्याने मोठा अपघात झालेली गाडी टाळणेच बरे.

४) टायरवरचे चार आकडे पाहावेत. १४१९ म्हणजे २०१९ च्या चौदाव्या आठवड्यातला टायर. टायर एका बाजूने झिजला असेल तर सस्पेन्शन किंवा अलाइनमेंट बिघडले आहे.

५) आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यावा. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. विम्याचेही नाव बदलून घ्यावे.

६) खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी घेतली तर २०२७ मध्ये फिटनेस तपासणी व नूतनीकरणाचा खर्च येणार, हे किंमत ठरवतानाच धरावे.

७) राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमलात आणण्यास सांगितले. त्यानंतर तिकडच्या गाड्या कमी भावात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी घेताना तेथील आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्रातील रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच कमी होते.

आमचा सल्ला असा की, हातात असलेली सगळी रक्कम किमतीत घालू नये. पाचवा-सहावा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. क्लच किंवा टर्बोचे काम निघाले तर धंद्याच्या भांडवलाला हात लावायची वेळ येऊ नये.

आता विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आपण (स.) विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, अशा अर्थाची ताकीद दिली. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. धुऊन-पुसून चमकवलेली, आतून अपघात झालेली गाडी म्हणजे तोच ओल्या धान्याचा ढीग होय. लपवलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ या नावाने मान्य आहे.

तेव्हा घेताना नोंदी मागा आणि स्वतः वापरत असताना प्रत्येक सर्व्हिसचे बिल जपून ठेवा. पुढे गाडी विकाल तेव्हा दोषांसकट ती फाईल ग्राहकाच्या हाती द्या. किमतीत थोडे कमी मिळाले तरी चालेल. खरे बोलून केलेल्या सौद्यातच बरकत आहे.