डुक्कर फियाट घेण्याआधी

निपाणीच्या एखाद्या तंबाखूच्या वखारीत डुक्कर फियाट निघाली, की बातमी कोल्हापूर-बेळगावात पोचायला वेळ लागत नाही. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ही इटालियन 1100 जगापुढे आली 1953 साली, जिनिव्हात. आपल्याकडे ती वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. पुढं तिचीच डिलाइट झाली, 1974 पासून पद्मिनी. पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता मिळेल त्या फियाटवर लोक तुटून पडतात, आणि फसतात.

अशाच एका वखारीत मित्रासाठी गाडी बघायला गेलो होतो. रंग नवा, क्रोम चकचकीत. दलाल म्हणाला, "मालक, हात लावायचं काम नाही." मी खिशातलं लोहचुंबक दाराखालच्या पट्टीवर टेकवलं, तर ते घसरून खाली पडलं. वीतभर पुढं टेकवलं, तिथंही तेच. पत्र्याच्या जागी नुसती लांबी भरलेली होती. या गाडीला वेगळी चासी नसते; बॉडीच सगळा भार पेलते. मडगार्ड कुजलं तर बदलता येतं, पण ही पट्टी आणि तळाचा पत्रा गेला की गाडी मधूनच बसते, दारं लागेनाशी होतात. मित्राचा पाय तिथून निघत नव्हता. ओढून आणला.

इंजिनाची फार धास्ती घेऊ नका. 1089 सीसीचं साधं इंजिन आहे, बेळगावच्या उद्यमबागेत क्रँक घासून मिळतो, बुश ओतून मिळतात. मात्र ब्लॉकवरचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून बघाच.

कागदांचं दुखणं आपल्या भागात जास्तच. नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव-निपाणी मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात, 1973 पासून कर्नाटकात. गाडी वखारीतून हलली नसली तरी कागद तीन राज्यांचे! सीमाप्रश्न गाड्यांनाही चुकलेला नाही. पुस्तक मयत आजोबांच्या नावावर असेल, तर वारसांच्या सह्या झाल्याशिवाय बयाणा देऊ नका. कोल्हापूरची गाडी इकडं आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी हातात घ्या.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली असतील तर 2021 च्या नियमानुसार 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण मग ती रोज बाजाराला नेता येत नाही, आणि बॉडी-इंजिनात मोठी फेरफार झालेली चालत नाही. म्हणून तर नंबर ताडायचे.

चाचणी गावातल्या गावात घेऊ नका. तवंदी घाट चढवा. वर थांबून इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मगच रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी नुसतं गढूळ असेल तर सफाईवर भागेल. तेलाचा तवंग दिसला, तर इंजिन उघडायचा खर्च वजा करूनच पुढचा भाव बोला.