जे बाळ जगणार नाही, त्याची वाट पाहताना

वाचन: लूक २:२२-३५, योहान ९:१-३, २ शमुवेल १२:१५-२३



दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस वसई, वांद्रे, पुणे या भागांतून कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबे वेलांकनीला निघतात. २९ ऑगस्टला तिथे ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचा सण होतो. तंजावर सोडले की गाडी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातून तिरुवारूर, नागपट्टणमकडे जाते. दोन्ही बाजूंना भातखाचरे, मधून कालवे, कालव्याच्या काठाने गावे. या गावांतून आणि दूरदूरहून बाळासाठी प्रार्थना करायला स्त्रिया वेलांकनीला येतात. मूल व्हावे म्हणून छोटे पाळणे बांधतात. ज्यांना मूल झाले ते आभार मानायला परत येतात, आणि त्यांनी वाहिलेल्या वस्तू तिथल्या संग्रहालयात मांडून ठेवलेल्या असतात.

आपल्या चळवळीत सर्व पंथांचे लोक आहेत. नवसाविषयी आपले एकमत नाही, आणि तो विषय आज नको. आज प्रश्न वेगळा आहे. त्या संग्रहालयात ऐकल्या गेलेल्या प्रार्थनांच्या वस्तू आहेत. जिचे बाळ वाचले नाही, तिच्या प्रार्थनेला तिथे कपाट नाही. आपल्या साक्षीच्या सभांचेही तसेच आहे, मग ती सभा सोलापूरला असो की अहिल्यानगरला. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि बाळ सुखरूप झाले, अशी साक्ष आपण आनंदाने ऐकतो. ऐकावीच. पण त्याच सभेत मागच्या बाकावर एखादी बहीण बसलेली असते. तिला पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत सांगितलेले असते की बाळ जगणार नाही. तिने कुठली साक्ष द्यायची?

हा पाठ त्या बहिणीसाठी आणि तिच्या नवऱ्यासाठी आहे. बाकीच्यांनी त्यांच्या शेजारी बसून वाचावा.

कोणाचे पाप?

ताई, साधारण १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत बाळाचे अवयव नीट दिसतात, आणि पुष्कळदा तेव्हाच वाईट बातमी कळते. कधी कवटी आणि मेंदू बनलेलाच नसतो. कधी दोन्ही मूत्रपिंडे नसतात; मग बाळाभोवतीचे पाणी अगदी कमी राहते आणि फुप्फुसांची वाढ होत नाही. कधी एडवर्ड्स सिंड्रोम असतो, म्हणजे अठराव्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्त असते. अशी बहुतेक बाळे पहिल्या वाढदिवसापर्यंत पोहोचत नाहीत. डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा विचारा, कागदावर लिहून घ्या, हवे तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. अहवाल नीट समजून घेणे हा अविश्वास नाही.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत लोकांचे प्रश्न सुरू झालेले असतात. ग्रहणात सुरीला हात लावला होतास का? काही जड उचललेस का? कोणाची दृष्ट लागली? कावेरीकाठच्या तमिळ घरात आणि आपल्या देशावरच्या घरात हे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. ख्रिस्ती घरात ग्रहणाच्या जागी पाप येते, एवढाच फरक. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. तेव्हा तर तुम्हाला दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. सुरीचा, ग्रहणाचा आणि दृष्टीचा याच्याशी काही संबंध नाही. (पुढच्या खेपेस दिवस राहण्याआधीच फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. असे बाळ आधी झालेल्या मातेला नेहमीपेक्षा जास्त मात्रा लागते. ही पुढची काळजी आहे, मागचा दोषारोप नाही.)

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून हाच प्रश्न विचारतात: पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. शिष्यांची नजर मागे, कारणाकडे लागली होती; प्रभू त्या माणसाच्या ठिकाणी देव आता काय करणार आहे तिकडे पाहायला लावतो. कोणी तुमच्यापुढे दावीद आणि बथशेबा यांच्या बाळाची गोष्ट दोषारोपासाठी उघडली, तर त्यांना सांगा की तिथे नाथान संदेष्ट्याला देवाने स्वतः पाठवले होते. तुमच्या शेजाऱ्यांना कोणी पाठवलेले नाही.

प्रार्थना कोणती करावी?

बरे होण्यासाठी प्रार्थना करू नका, असे मी म्हणणार नाही. मागा. रोज मागा. दावीदाने सात दिवस जमिनीवर पडून मागितले आणि त्याबद्दल पवित्र शास्त्र त्याला बोल लावत नाही. पण आपल्यात एक शिकवण फिरते: पुरेसा विश्वास असेल तर बाळ बरे होईलच. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण उलटे फिरवून पाहा. बाळ गेले, म्हणजे आईचा विश्वास कमी पडला. ज्या आईची कूस रिकामी झाली तिच्या डोक्यावर हे ओझेही ठेवायचे? गेथशेमानेत पुत्राने स्वतः प्याला टळावा म्हणून विनंती केली आणि प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याची आपल्यापैकी कोणाची छाती आहे? शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी राजाला सांगितले की आमचा देव सोडवू शकतो, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. त्या दुसऱ्या अर्ध्या उत्तरावर आपल्याकडे उपदेश फार कमी होतात.

वेलांकनीच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न एकदा फार मोठा होऊन उभा राहिला. २६ डिसेंबर २००४, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. सकाळी सुनामीची लाट आली. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसे गेली. त्यांत कोळीवाड्यांतली मुले होती, किनाऱ्यावर आलेले यात्रेकरूही होते. देवळाच्या आत होते ते वाचले, असे पुढे पुष्कळांनी सांगितले. वाचलेल्यांनी देवाचे आभार मानले ते योग्यच. पण ज्या बापाने मुलाला वाळूत खेळायला सोडले होते, त्याने ती साक्ष कशी ऐकली असेल, हेही मनात आणा. त्या बापाला उत्तर देण्याची घाई कोणी करू नये. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी एकही उजेडाची ओळ येत नाही, आणि तरीही ते आपल्या प्रार्थनापुस्तकात आहे. ज्या रात्री तुम्हाला स्तुती करता येणार नाही त्या रात्री ते वाचा.

मरियेला आधीच कळले होते

लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरिया चाळीस दिवसांचे बाळ घेऊन मंदिरात येते. म्हातारा शिमोन बाळ हातात घेतो, देवाचे आभार मानतो, आणि मग आईकडे वळून सांगतो की तिच्या स्वतःच्या जिवातूनही तलवार जाईल. बाळाला हातात घेण्याच्या, मिरवण्याच्या दिवशी तिला हे ऐकावे लागले. सण आणि शोक एकाच वेळी तिच्या ओटीत आले. यानंतर मरियेने काय केले? लूक सांगतो ते अगदी साधे आहे: ते नासरेथला परत गेले आणि बाळ वाढू लागले. म्हणजे तिने त्याला दूध पाजले, न्हाऊ घातले, निजवले. तलवारीची आठवण मनात ठेवून आई आईपणच करत राहिली.

माझ्या मते तुमच्यासाठी या अध्यायात सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. बाळ फार दिवस राहणार नाही, म्हणून ते थोडे कमी बाळ होत नाही. तुमचे आईपण प्रसूतीनंतर सुरू होणार नाही. ते आता चालू आहे. कदाचित त्याचे सगळे आयुष्य तुमच्या पोटातच जाईल. मग ते आयुष्य तुम्ही त्याच्याबरोबर जगत आहात. त्याला नाव ठेवा. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत ते नाव घ्या. सहाव्या महिन्यानंतर अनेक बाळे आवाजाला प्रतिसाद देतात. उपासनेत गाताना हात पोटावर ठेवा. सातव्या महिन्यात तमिळ घरांत वळैकाप्पू करतात, आईच्या हातांत बांगड्या भरतात. आपल्याकडे डोहाळजेवण असते. ते करावे की नाही, हा प्रश्न घरात कुजबुजत विचारला जाईल. तुम्हाला हवे असेल तर करा. बांगड्या भरणाऱ्या बायकांना खरे काय ते आधी सांगून ठेवा, म्हणजे कोणी अवचित "मुलगा की मुलगी" म्हणून तुम्हाला रडवणार नाही. नको असेल तर नको. सासूबाईंना हे तुमच्या नवऱ्याने सांगावे, तुम्ही नव्हे.

आशा म्हणजे पुढच्या तपासणीत अहवाल बदलेल ही अपेक्षा, असे असते तर ती दर पंधरा दिवसांनी मेली असती. ख्रिस्ती आशा रिकाम्या कबरेवर उभी आहे. बाळ गेल्यावर दावीद उठला, अंग धुतले, देवाच्या घरात गेला आणि जेवला. चाकर चकित झाले. त्याचे उत्तर असे होते की ते माझ्याकडे येणार नाही, पण मी त्याच्याकडे जाईन. पुनरुत्थानाच्या हजार वर्षे आधी एक बाप एवढे बोलू शकला. आपण तर लाजराच्या कबरेपाशी रडणाऱ्या प्रभूला ओळखतो. त्याला उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला. तेव्हा आशा आहे म्हणून रडू नये, असे तुम्हाला कोणीही सांगू नये.

एक नाजूक गोष्ट

२०२१ च्या दुरुस्तीनंतर, बाळात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला कायदा परवानगी देतो. पूर्वी तसे नव्हते. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याने बाळाच्या हृदयदोषामुळे उच्च न्यायालयात दाद मागितली, परवानगी मिळाली नाही, आणि थोड्याच दिवसांत बाळ आपोआप गेले. तेव्हा वर्तमानपत्रांत मोठा वाद रंगला. ख्रिस्ती मंडळीची शिकवण जीव देवाचा आहे ही आहे, आणि हा पाठ बाळाला पूर्ण दिवस देऊ इच्छिणाऱ्या आईबापांना धीर देण्यासाठीच आहे. पण हे वाचणाऱ्यांत अशीही एखादी बहीण असेल, जिने भीतीने किंवा घरच्यांच्या दबावाने वेगळा निर्णय घेतला. तिच्यावर फेकण्यासाठी या पाठातला एकही दगड उचलू नका. तिचे बाळही देवाच्या हातात आहे, आणि तीही. आईच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरांचे ऐका.

मंडळीने काय करावे

तंजावर सुमारे १८० वर्षे मराठी राजांचे होते, म्हणून हा प्रसंग आपल्याही घरचा आहे. तुळजाजी राजांची स्वतःची मुले वारली होती. १७८७ मध्ये मरणापूर्वी त्यांनी सरफोजींना दत्तक घेतले आणि त्या लहान मुलाची काळजी जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्याकडे सोपवली. श्वार्ट्झ यांनी राजांना मुले परत मिळवून दिली नाहीत. ते त्यांच्या हातात नव्हते. मागे राहिलेल्या मुलाला मात्र ते अकरा वर्षे अंतरले नाहीत. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले. सरफोजी हिंदूच राहिले, पण त्यांनी आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये ते आजही आहे: खाटेवर मरणासन्न पाळक, आणि त्याचा हात हातात घेतलेला राजा. तिथे कोणी बोलत नाही.

पाळकांनो, अशा घरी जाताना वचनांची यादी नेऊ नका. जा आणि बसा. बापाकडेही बघा, सगळे आईला विचारतात, तो मात्र कागदपत्रे, पैसे आणि नातेवाइकांचे फोन सांभाळत असतो.

प्रसूतीच्या आधी डॉक्टरांशी बोलून काही गोष्टी ठरवून ठेवता येतात: बाळाला वेदना होणार नाहीत याची काळजी, त्याला ऊब, नळ्या आणि यंत्रे लावायची की नाही, आणि आईच्या छातीवर ठेवायला मिळेल का. पाळकांना किंवा फादरना कधी बोलवायचे हेही ठरवा. कॅथलिक कुटुंबांनी लक्षात ठेवावे की अगदी निकडीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, परिचारिकासुद्धा. वेळ मिळाला नाही तर घाबरू नका. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवते. ज्या मंडळ्यांत बालबाप्तिस्मा नाही, तिथे बाळाला हातात घेऊन आशीर्वादाची प्रार्थना करावी. प्रभूने बाळांना अडवू नका म्हटले तेव्हा त्यांच्या वयाची अट घातली नव्हती. एक फोटो घ्या, पावलाचा ठसा घ्या. आज बघवणार नाही, तर कोणाकडे तरी जपून ठेवायला द्या.

बाळ गेल्यावरही आईला दूध येते, आणि याची कल्पना तिला बहुधा कोणी दिलेली नसते. ते कसे थांबवायचे हे डॉक्टर सांगतील. काही मातांना ते दुसऱ्या बाळासाठी द्यावेसे वाटते. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि आता अशा पेढ्या इतर शहरांतही आहेत. हे करावे असे बंधन नाही. करता येते एवढेच.

बाळाने एक श्वास घेतला तरी त्याच्या जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी करायच्या असतात, २१ दिवसांच्या आत. जन्मनोंदीत त्याचे नाव घालता येते, नंतरही घालता येते. दहनदफनाच्या गडबडीत हे राहून जाते आणि मग बाळाचे नाव कुठल्याच कागदावर उरत नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत त्या बापाबरोबर मंडळीतल्या कोणीतरी जावे, फॉर्म भरावा, आणि नावाचे स्पेलिंग त्याला विचारून घ्यावे.